कोकणात गेमिंग पीसी: कार्डाचं नंतर बघू, आधी अर्थिंगचं बोला

खारा_वारा (वेंगुर्ला)

चतुर्थी जवळ आली की या विभागात एकच प्रश्न वेश बदलून येतो. 'बजेट ८० हजार, गाव अमुक, कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?' खाली पाच-पंचवीस जण कार्डांची नावं टाकून मोकळे होतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी जुलै महिन्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर आलेला बुरा कधी पाहिलेला नसतो. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, भांडणाऱ्यांना शोधत बसायला नको. खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात राहत असाल तर पीसीचे पैसे शेवटाकडून खर्च करायला घ्या. आधी घराचं अर्थिंग. मग बऱ्यापैकी एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. मग यूपीएस. मग हवा खेळेल आणि जाळी धुता येईल असं कॅबिनेट. एवढं झाल्यावर जे उरेल त्याचं कार्ड. कार्ड काय, पुढच्या वर्षी बदलता येतं. एसएमपीएस जाताना मात्र सोबत कोणाला घेऊन जाईल ते सांगता येत नाही.

मी पंचक्रोशीतल्या पोरांचे पीसी जोडून देतो, बंद पडले की उघडूनही बघतो. 'कार्ड कमी पडलं' म्हणून टेबलावर कोणी मशीन आणत नाही. येतं ते वेगळंच. वळवाच्या पहिल्या गडगडाटात लॅनचं पोर्ट गेलेलं. लाईट ये-जा करताना एसएमपीएस बसलेला. रॅम काढून, पुसून लावली की चालू, आठवड्याभरात पुन्हा काळा पडदा. गेल्या पावसात किनाऱ्यालगतच्या एका घरातलं कॅबिनेट उघडलं. मागच्या पट्टीच्या स्क्रूंची डोकी गंजून झडलेली, कार्डाच्या तांब्याच्या नळ्यांना टोकाशी हिरवी झाक, आणि पंख्याच्या पात्यांच्या कडेला जांभ्याची लाल धूळ ओली होऊन अशी बसलेली की नखाने खरवडून काढावी लागली. मालकाचा प्रश्न काय? 'दादा, ह्यात ४०६० कार्ड बसेल ना?'

आता कार्डाचंही सांगतो, नाहीतर म्हणाल विषय टाळला. १०८० पिक्सेलच्या मॉनिटरवर खेळणाऱ्याचं आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० मध्ये भागतं. पहिल्याचा खप ११५ वॉट, दुसऱ्याचा १३२. मी फ्रेमच्या आधी वॉट बघतो, कारण हेच वॉट यूपीएसला उचलायचे असतात आणि मे महिन्यात भर दुपारी त्याच खोलीत गरम हवा म्हणून अंगावर घ्यायचे असतात. प्रोसेसर रायझन ५ ५६०० सारखा, ६५ वॉटचा. त्याचा एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, २०१६ पासून चालत आलाय, त्यामुळे जुना बोर्ड असेल तर बायॉस अपडेट करून त्यावरच बसवता येतो का ते आधी बघा. आणि २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी रॅमचे भाव जे चढवून ठेवलेत, त्यात घरात डीडीआर४ ची जोडी पडून असेल तर ती जपा.

बोला आता.

फुरसं

थोडक्यात, दुकानदाराच्या आधी वायरमनला फोन.

नवा_खेळगडी (देवगड)

दादा, बरोबर माझाच विषय काढलात. नवीन पीसी घेतलाय. अनवाणी बसून कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. चप्पल घातली की काही नाही. दुकानदार म्हणतो 'होतं असं, नवीन आहे'. आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे, बोर्डावर तीन पिनची सॉकेटं आहेत पण वायरिंग आजोबांच्या वेळचं. एसएमपीएस खराब आला का?

तारमास्तर (राजापूर)

बाळा, एसएमपीएस बहुतेक ठणठणीत आहे. घराला अर्थ नाही.

एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याला, एक न्यूट्रलकडून पत्र्याला. विजेतला गोंगाट अर्थमध्ये सोडायचं त्यांचं काम. अर्थची तारच कुठे पोचत नसेल तर पत्रा दोघांच्या मध्ये लोंबकळतो, म्हणजे २३० च्या निम्मे, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा, मिलिअँपिअरच्याही खाली, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या आतली एखादी तार खरोखर पत्र्याला चिकटली तर अर्थ नसलेल्या घरात ती झिणझिण्यांवर थांबणार नाही. तोवर चप्पल घाल आणि हात ओले असताना मागच्या बाजूला जाऊ नकोस.

वायरमनला बोलावून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजायला सांग. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. एक गोम आहे. डिजिटल मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे अर्थ मरतुकडी असली तरी त्याला आकडा छान दिसतो. थोडं लोड देऊन मोज म्हणावं, मग सोंग उघडं पडतं. ज्याच्याकडे अर्थ टेस्टर असेल तो वायरमन सगळ्यात उत्तम.

आणि जांभ्याबद्दल. जांभा पावसात पाणी पितो आणि शिमग्यानंतर कोरडाठाक होतो. श्रावणात केलेलं माप वैशाखात खरं राहत नाही. कातळावर घर असेल तर दोन फूट खणून पाइप ठोकलेली अर्थ ही नुसती शोभेची. न्हाणीघराचं पाणी जिथे मुरतं तिथे, नाहीतर माडाच्या आळ्याजवळ खड्डा घ्या, ओल धरून ठेवणारी बेंटोनाइटची माती भरा. पुळणीतल्या घरांची गोष्ट उलटी: तिथे ओल भरपूर, अर्थ लागते छान, पण साधा जीआय पाइप खाऱ्या वाळूत लवकर खातो. तिथे तांब्याचा मुलामा दिलेली सळी घ्या. नियम बघायचा असेल त्याने आयएस ३०४३ हे अर्थिंगचं भारतीय मानक वाचावं. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाईन तोडणारा खटका, बसवून घ्या, ती गेमसाठी नाही, घरातल्या माणसांसाठी.

कोणी 'अर्थ नाही तर सॉकेटमध्येच न्यूट्रलला जोडून देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. खांबावर न्यूट्रल तुटली की अख्खं कॅबिनेट फेज होतं.

बांगडो_तिखलो (मालवण)

माज्या एसएमपीएसात पाल मेल्ली. वास येय होतो तेवा आवशीक वाटला माळ्यार उंदीर मेलो. माळो सगळो शोधून झालो. मगे ह्यो डबो उघडून बघतंय तर शेपटी हयसर, पाल थयसर आणि मधी सगळा काळा. गॅरंटीत बसता काय म्हणान इचारलंय, दुकानदार हसान हसान पडलो.

जाळी लावा रे भावांनो. मागच्या पट्टेची रिकामी भोका पयली बंद करा, थयसूनच येतत.

चाकरमानी_४के (ठाणे)

खारा_वारा, तुमचा अनुभव मान्य, पण हे जरा जास्त होतंय. आमचं गाव कणकवली तालुक्यात, तिथे चुलत भावाचा पीसी साध्या स्पाइक बोर्डावर मजेत चालतो. सगळ्यांना भीती घालून ११५ वॉटचं कार्ड गळ्यात मारायचं, हे काही पटत नाही. ४०६० मध्ये मेमरी ८ जीबी. आजच्या मोठ्या गेमांत टेक्श्चर (भिंती-जमिनीवरची बारीक नक्षी) पूर्ण चढवले की ८ जीबी भरते आणि मग फ्रेम अडखळतात. त्यापेक्षा जुनं आरटीएक्स ३०६० बरं, १२ जीबी तरी आहे. माणूस गेम खेळायला पीसी घेतो, वॉट मोजायला नाही.

खारा_वारा

कणकवली घाटाकडे, किनाऱ्यापासून आत. खाऱ्या वाऱ्याचा अर्धा प्रश्न तिथे तसाच मिटतो, उरलेला अर्धा नशिबावर. भाऊ नशीबवान आहे, आणखी काय.

३०६० ला माझी ना नाही. पण ते १७० वॉटचं. ८ जीबीत टेक्श्चर एक पायरी खाली घेतले तर १०८० वर फरक शोधायला थांबून भिंतीकडे बघत बसावं लागतं. ज्याला भिंती बघायला आवडतात त्याने १२ जीबी घ्यावं, मी मनापासून सांगतो.

यूपीएसचं गणित मात्र मांडतोच, कारण तिथेच लोक फसतात. दुकानात '६०० चा यूपीएस' म्हणून जो मिळतो तो ६०० व्हीए, वॉटमध्ये साधारण ३६०. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी, म्हणजे ८४ वॉट-अवर. मी सांगितलेलं मशीन मॉनिटरसकट खेळताना २५० वॉटच्या आत राहतं. कागदावर २० मिनिटं आली. पण एवढ्या जोरात ओढलं की बॅटरी त्याच्या निम्मंही देत नाही. गेम सेव्ह करून नीट बंद करायला तेवढं पुरतं. ३०० वॉटच्या पुढचं कार्ड लावलंत तर लाईट जाताच यूपीएस किंचाळतो आणि तोही जातो.

घराच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवणाऱ्यांसाठी आणखी एक. एसएमपीएस विजेविना साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इको असा खटका असतो, तो इकोवर असेल तर बदलायला वेळ जास्त लागतो आणि पीसी मध्येच रिस्टार्ट होतो. लोक कार्डाला दोष देतात! खटका यूपीएसवर करा. आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे गुळगुळीत लाटेचाच हवा. चौकोनी लाटेवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस गुरगुरतात, कधी चालूच होत नाहीत.

स्टॅबिलायझर मात्र घेऊ नका. संध्याकाळी वाडीत व्होल्टेज १७० वर आलं तरी १०० ते २४० चा एसएमपीएस ते पचवतो. पैसे वाचवायची एवढी एकच जागा आहे, ती तरी सोडू नका.

गेममध्ये ६० फ्रेमची मर्यादा घाला. ६० हर्ट्झच्या मॉनिटरला १४० फ्रेम पाठवून खोली तापवण्यात काय मिळतं, हे मला आजवर कोणी समजावून दिलेलं नाही.

हेडशॉट_हर्णै

मी समजावतो. माउस हलवल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर कमी होतो. ६० हर्ट्झवर पण होतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये कळतं.

खारा_वारा

काउंटर-स्ट्राइकपुरतं मान्य. बाकीच्यांसाठी मर्यादा घाला.

केवडा (गुहागर)

मी घरून काम करते, गेम संध्याकाळी. विजेवर चर्चा छान चालली आहे, पण ओलीवर कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते.

नुसत्या दमट हवेने बोर्ड मरत नाही. मरतो तो मिठाने. मिठाचा एक गुण असा की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तेच बोर्डावर बसलेल्या धुळीत होतं. उन्हाळाभर वाऱ्याने आणून टाकलेले मिठाचे कण जूनमध्ये खारं पाणी होतात आणि त्या पाण्यातून वीज वाहते. म्हणून मशीन मे महिन्याच्या शेवटी उघडून साफ करायचं, गणपतीच्या सफाईत नाही. तोवर उशीर झालेला असतो. ब्लोअरने धूळ उडवायची, रॅम आणि कार्डाचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, ९९ टक्केवालं. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं नको, त्यात उरलेलं पाणीच असतं.

दुसरं, पावसाळ्यात मशीन प्लास्टिकने झाकून ठेवू नका. आई अजून माझ्या मॉनिटरवर विणलेलं कव्हर घालते, त्याच्यावर मी बोलत नाही, पण कॅबिनेटला हात लावू देत नाही. चालू मशीन खोलीपेक्षा गरम असतं. ३० अंशाला ९० टक्के दमट असलेली हवा आत ४० अंशांवर गेली की तिची आर्द्रता ५० च्या आसपास येते. म्हणजे चालू मशीन स्वतःला वाळवतं. खेळायचं नसलं तरी रोज थोडा वेळ चालू ठेवा. कोणी ओरडलं तर मी सांगितलं म्हणा.

तिसरं एसीचं. २२ अंशांवर खोली गार केली, मशीन बंद, मग एसी बंद करून खिडकी उघडली, तर बाहेरची दमट हवा त्या गार पत्र्यावर थेंब धरते. गार पाण्याच्या तांब्यावर धरते तशीच. अशा वेळी लगेच चालू करू नका. लॅपटॉप एसी गाडीतून उतरवल्यावरही तेच.

सिलिका जेलच्या पुड्या उघड्या कॅबिनेटमध्ये टाकण्यात अर्थ नाही, काही तासांत भरतात. त्या कॅमेरा, जुन्या हार्ड डिस्का, कंट्रोलर अशा वस्तूंच्या घट्ट डब्यात ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा.

नवा_खेळगडी

ताई, आमच्याकडे आजी पीसीच्या खोलीत धूप फिरवते. चालेल का?

केवडा

पंख्यापासून लांब फिरवायला सांग. नाही म्हणू नकोस.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

हार्ड डिस्कचा विषय निघालाच आहे तर. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या आळीत घराघरांतून चिखलातले पीसी बाहेर काढलेले होते. त्यात दिसलं ते असं. एसएसडी आणि रॅम धुऊन, अल्कोहोलने पुसून, बरेच दिवस सुकवून चालल्या, सगळ्या नाही पण चालल्या. साध्या हार्ड डिस्कांना मात्र हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळ आत जातो. बाहेरून स्वच्छ दिसते म्हणून लोक लाईट देतात आणि तबकडीवर ओरखडे पडतात, मग फोटो गेले ते गेलेच. भिजलेल्या डिस्कला वीज देऊ नका, उन्हात वाळवूही नका, ओलीच पिशवीत बंद करून डेटा काढणाऱ्याकडे द्या.

आणि तळमजल्यावर पीसी जमिनीवर ठेवणाऱ्यांनो, टेबलावर ठेवा हो. एवढंच.

कातळशिल्प (रत्नागिरी)

पिंगवर या, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळावर. फायबर आल्यापासून इथला प्रत्येक जण 'मुंबईचा सर्व्हर लांब पडतो' म्हणतो. काचेच्या तंतूतून प्रकाश एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद घेतो. रत्नागिरी ते मुंबई रस्त्याने साडेतीनशेच्या आत. म्हणजे जाऊन-येऊन साडेतीन मिलिसेकंद. तार सरळ जात नाही, कोल्हापूर-पुण्याकडून वळसा घालते असं धरा, तरी दहाच्या आसपास. मग तुम्हाला दिसणारे ८० मिलिसेकंद येतात कुठून? बहुतेक वेळा घरातून. राउटर ओटीवर, पीसी माजघराच्या आत, मधे दीड फुटाची चिऱ्याची भिंत. पाच गिगाहर्ट्झचा वायफाय त्या भिंतीपाशी हात टेकतो. लॅनची तार ओढा. तार ओढूनही उड्या मारत असेल तर घरात कोणी व्हिडिओ चढवतंय का बघा आणि राउटरमध्ये वेगाची मर्यादा ९० टक्क्यांवर घाला.

राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाचा आकडा असतो. उणे २७ डीबीएमच्या जवळ गेला की समजा कुठेतरी तार दबली आहे किंवा जोड ओला झालाय. तक्रार करताना 'नेट स्लो आहे' म्हणू नका, हा आकडा सांगा. समोरचा माणूस सरळ बोलायला लागतो.

तारमास्तर

कातळशिल्प, त्यात एक जोडतो. फायबरमधून वीज वाहत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. काचेतून वाहत नाही खरं, पण खांबावरून येणाऱ्या केबलमध्ये ताणासाठी बऱ्याचदा पोलादी तार असते, आणि राउटरचा अ‍ॅडॅप्टर तर सॉकेटमध्येच असतो. तिथून लॅनच्या तारेने वीज पीसीत. वळवाच्या दिवसांत आणि ऑक्टोबरात, आभाळ भरून आलं की प्लग काढा, लॅनची तारही काढा. बटण बंद करून भागत नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी अ‍ॅप आहे, जवळ वीज पडत असेल तर सांगतं. सर्ज प्रोटेक्टर अर्थ नसलेल्या घरात नुसता दिवा लावतो.

हेडशॉट_हर्णै

सगळे वायरिंगवरच बोलताय. गेम कोणते खेळता ते तरी सांगा की राव.

खारा_वारा

बरं, सांगतो. इथेही माझं मत हार्डवेअरसारखंच आहे: जे नेट गेल्यावर चालतं ते माझं.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ झालं तेव्हा दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, टॉवर मेलेले. ते टोक झालं. पण साध्या आषाढातही झाड पडून किंवा हायवेचं काम चालू असताना तार तुटते आणि नेट जातं. अशा जागी राहणाऱ्याने फक्त ऑनलाइन चालणाऱ्या गेमांवर पैसे का घालावेत? डायब्लो ३ २०१२ मध्ये आला तेव्हा एकट्याने खेळायचं म्हटलं तरी सर्व्हर लागत होता, आणि पहिल्याच दिवशी सर्व्हर बसल्यावर पैसे भरलेले लोक एरर ३७ बघत राहिले. द क्रू हा गाड्यांचा गेम, २०१४ चा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याच्याबरोबर गेला. विकत घेतलेली वस्तू! जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमचा इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतो, पुढे नेट असो-नसो. स्टीम या दुसऱ्या दुकानात निदान ऑफलाइन मोड आहे, तो नेट असतानाच एकदा तपासून ठेवा.

आणि लॅन, म्हणजे घरातली मशिनं आपसांत तारेने जोडून खेळणं. स्टारक्राफ्ट २ २०१० मध्ये लॅनविना आला तेव्हापासून मोठ्या कंपन्यांनी हा पर्यायच मेनूतून काढायला घेतला. आमच्याकडे गणपतीत मुंबईची पोरं लॅपटॉप घेऊन येतात. रात्री भजन आटोपून बुवा चहाला बसले की माजघरात आठ पोर्टचा स्विच मधोमध, तारा पाटाखालून, आणि काउंटर-स्ट्राइक १.६ सुरू. २००३ चा गेम, कुठल्याही डबड्यावर चालतो, इंटरनेट लागत नाही. मोदकाचे तुपकट हात माउसला लावणाऱ्याला पहिल्याच राउंडला बाहेर. हल्ली मी ०ए.डी. पण ठेवतो: फुकट, मुक्त सोर्स, एज ऑफ एम्पायर्सच्या वळणाचा, त्यात मौर्यही आहेत. आयपी टाकला की जोडला जातो, खातं नको, लॉगिन नको.

हेडशॉट_हर्णै

काका, भावना समजल्या. पण माझे मित्र व्हॅलोरंटवर आहेत, पेनड्राइव्हवर नाहीत. चांगला प्रतिस्पर्धी मिळतो तो ऑनलाइनच. १.६ मध्ये तेच आठ जण, त्यातले दोघे तुमचे मेहुणे.

खारा_वारा

मेहुणे बरे खेळतात.

व्हॅलोरंट खेळ की, पण एक जाणून खेळ. त्याचं व्हॅनगार्ड, म्हणजे लबाडी करणारे पकडणारं अँटी-चीट, विंडोजच्या अगदी गाभ्यात, मशीन सुरू होतानाच बसतं. विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी नसतील तर गेम चालूच होत नाही. चोर पकडायला हे लागतं असं ते म्हणतात, आणि चोर आहेतच. पण गाभ्यात बसलेल्या एका चुकीच्या फाइलने काय होतं ते १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या अपडेटने दाखवलं: जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर अडकली. ते तर सुरक्षेचं सॉफ्टवेअर होतं. ज्या मशीनवर आंब्याच्या बागेचा हिशेब आणि बँकेचं काम आहे, त्याच मशीनवर मी गेमला एवढ्या आत घेणार नाही. तुझं मशीन फक्त खेळायचं असेल तर खुशाल.

हेडशॉट_हर्णै

फक्त खेळायचं. आणि प्रोजेक्ट. आणि बाबांचं जीएसटी.

केवडा

बाबांचं जीएसटी 😄

वाशिष्ठीकाठ

यावरून आठवलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आमच्या ओळखीत सातव्या पिढीचे आय५ ढिगाने आहेत, त्यांना विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. मशिनं मात्र उत्तम. काय करावं?

खारा_वारा

लिनक्स मिंट टाका. हे मी दहा वर्षांपूर्वी गेम खेळणाऱ्याला सांगितलं नसतं. २०१८ मध्ये स्टीमवाल्या व्हॉल्व्हने विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं आणि चित्र पालटलं. स्टीमवरचे विंडोजचे बहुतेक एकट्याने खेळायचे गेम आता लिनक्सवर बटण दाबून चालतात. अडतात ते गाभ्यात बसणाऱ्या अँटी-चीटवाले. व्हॅलोरंट नाही चालत. एपेक्स लेजंड्स चालत होता, २०२४ च्या अखेरीस त्यांनीच लिनक्सचं दार बंद केलं. म्हणजे हर्णैकरांसाठी नाही, बाकी सगळ्यांसाठी आहे. मराठी टायपिंगही पहिल्या दिवसापासून चालतं.

चाकरमानी_४के

एक राहिलं. गावी सोलर बसवतोय, ३ किलोवॉट. पीएम सूर्यघरचं ७८ हजारांचं अनुदान मिळतंय. मग लाईट गेली तरी पीसी चालू, यूपीएसची कटकटच नको. बरोबर ना?

तारमास्तर

नाही. ऑन-ग्रिड, म्हणजे खांबावरच्या लाईनला जोडलेलं सोलर, लाईट गेली की स्वतःही बंद होतं. व्हायलाच हवं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या छपरावरची वीज लागेल. भर उन्हात, छपरावर पॅनल चकाकत असताना घरात अंधार, हे मी पाहतो आणि मालक फोनवर भांडत असतो. लाईट गेल्यावर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, त्याचा खर्च वेगळा. सही करायच्या आधी विचारा.

चाकरमानी_४के

बरं झालं विचारलं. उद्याच सही करणार होतो.

नवा_खेळगडी

काका, वायरमन येऊन गेला. फेज-न्यूट्रल २२८. फेज-अर्थ नुसतं मोजलं तर २१० दाखवलं, तुम्ही सांगितलंत तसं लोड देऊन मोजलं तर १४० वर आलं. पाइप पडवीच्या कोपऱ्यात ठोकलेला आहे, वर सिमेंटचा कोबा, आत पाण्याचा थेंब नाही.

तारमास्तर

सोंग उघडं पडलं. तो पाइप विसर. न्हाणीघरामागे नवीन खड्डा घ्या, तिथून बोर्डापर्यंत तांब्याची अखंड तार, मधे पीळ मारलेला जोड नको. आरसीसीबी त्याच वेळी बसवून घे.

नवा_खेळगडी

सगळं सांगितलं त्याला. सामानाची यादी पण घेऊन गेला. चतुर्थी झाली की येतो म्हणाला.

बांगडो_तिखलो

खंयच्या वर्साची चतुर्थी, तां इचारलंस मां?